सुईचे नेढे की देवळाचा कळस? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाच्या अंतराची निवड



सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील सातव्या अध्यायात दृष्टिगत रोगांचे जे विवेचन आहे, ते आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असते. दोष दुसऱ्या पटलात पोहोचला म्हणजे रुग्णास काय होते, हे सांगताना आचार्यांनी दोन लक्षणे शेजारीशेजारी ठेवली आहेत. दूरचे रूप जवळ आणि जवळचे दूर भासू लागते, आणि पुष्कळ प्रयत्न केला तरी सुईचे नेढे दिसत नाही. परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या या लक्षणांचा व्यवहारातील अर्थ मला मात्र पुष्कळ वर्षांनी, माझ्याच एका रुग्णाने शिकविला.

हे गृहस्थ पारोळ्याचे. व्यवसाय वडिलोपार्जित सोनारकामाचा, वय पासष्टीच्या पुढे. तरुणपणापासून दोन्ही डोळ्यांना मायनस ३ नंबरचा चष्मा. कामाला बसले की तो काढून बाजूला ठेवायचा आणि कोंदणात खडा बसवायचा, अशी चाळीस वर्षांची सवय. मधुमेहासाठी ते माझ्याकडे येत असत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा मी साखर आटोक्यात आणली, रक्तदाब पाहिला, चालू औषधांची यादी केली आणि सविस्तर चिठ्ठी देऊन त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठविले. काही आठवड्यांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. जखम उत्तम भरली. तपासणीत दूरची नजर चष्म्याविना जवळजवळ पूर्ण आली. कागदोपत्री यापेक्षा यशस्वी रुग्ण सापडणे कठीण.

दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले आणि अहिराणीत म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, देऊळना कळस दिसस, पन हातमाना खडा दिसत नही.''

शस्त्रक्रियेत कोणतीही चूक नव्हती. मोजमाप बरोबर होते, भिंगही बरोबर बसले होते. ज्या अंतरासाठी ते बसविले ते अंतर मात्र त्यांच्या आयुष्यातील नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी विचारले नाही. असे काही सांगायचे असते हे रुग्णास ठाऊक नव्हते. आणि ज्याला त्यांचा दिनक्रम तपशीलवार ठाऊक होता, त्या मी चिठ्ठीत तो लिहिला नाही. आता ते कामाला बसताना चष्मा लावतात, घाम आला की तो घसरतो, आणि बारीक जडावाचे काम त्यांनी मुलाकडे सोपविले आहे. प्रस्तुत लेख त्या न लिहिलेल्या एका ओळीविषयी आहे.

मसुराएवढी दृष्टी

आचार्यांनी दृष्टीचे प्रमाण मसुराच्या डाळीएवढे सांगितले आहे. लॅटिन भाषेत मसुरालाच 'लेन्स' म्हणतात आणि भिंगाला हे नाव त्याच्या मसुरासारख्या आकारावरूनच पडले, हा योगायोग मनोवेधक आहे. निसर्गदत्त भिंगाचे वैशिष्ट्य असे, की ते लवचिक असते. बालकाचे भिंग क्षणात फुगते व क्षणात सपाट होते, म्हणून त्याला चंद्रही दिसतो आणि बोटात रुतलेला काटाही. चाळिशीनंतर ही लवचिकता उतरते आणि जवळच्या कामाला चष्मा लागतो, ज्याला आपण 'चाळिशी'च म्हणतो. पुढे भिंगाची पारदर्शकताही गेली, की मोतीबिंदू झाला.

शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले जाते. हे भिंग स्वच्छ असते, परंतु आकार बदलत नाही. सर्वसाधारण एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखविते. म्हणून 'नजर परत येईल' हे रुग्णास दिलेले आश्वासन अर्धेच असते. 'कोणत्या अंतराची' हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय.

अंतराचा हिशेब अवघड नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा नंबर शून्य राहील असे भिंग बसविले, तर दूरचे चष्म्याविना दिसते. मायनस १ राखला तर एक मीटरवरचे, मायनस १.५ राखला तर सुमारे ६५ सेंटिमीटरवरचे, मायनस २.५ राखला तर ४० सेंटिमीटरवरचे आणि मायनस ३ राखला तर ३३ सेंटिमीटरवरचे. एकास नंबराने भागले की अंतर मीटरमध्ये मिळते. ज्या अंतरासाठी भिंग बसविले नाही, त्यासाठी चष्मा लागतो. म्हणजे प्रश्न चष्मा लागेल की नाही हा नसून, चष्मा कशासाठी लागलेला चालेल, हा आहे.

शलाकेपासून भिंगापर्यंत

उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात श्लैष्मिक लिंगनाशाचा शस्त्रविधी आला आहे. फार उष्ण नाही व फार शीत नाही असा साधारण काळ, स्वतःच्या नासिकेकडे दृष्टी स्थिर ठेवून बसलेला रुग्ण, यवाच्या टोकासारखे मुख असलेली शलाका आणि रूपे दिसू लागल्यावरच ती हलक्या हाताने काढून घेण्याची सूचना, हा सर्व क्रम आपणास परिचित आहे. पश्चात्कर्मही तितकेच काटेकोर आहे. घृताभ्यंग, बंध, उताणे शयन, ढेकर, खोकला, शिंक व थुंकणे यांचा निग्रह, दर तिसऱ्या दिवशी वातघ्न कषायाने धावन आणि दहा दिवसांचे संयमन.

या विधीने प्रकाशाच्या मार्गातील अडथळा दूर होई. परंतु अडथळा झालेल्या भिंगाबरोबर त्याची केंद्रित करण्याची शक्तीही जाई. ही उणीव विसाव्या शतकातील शस्त्रक्रियेतही दीर्घकाळ राहिली. शिबिरांमध्ये भिंग संपूर्ण काढून रुग्णास प्लस १० च्या आसपासचा चष्मा देण्याची पद्धत आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिली आहे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या त्या काचांतून वस्तू पावपटीहून अधिक मोठ्या दिसत, बाजूचे काही दिसत नसे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पाने कृत्रिम भिंगाच्या प्रसारास मोठी गती दिली. मदुराई येथे १९९२ मध्ये सुरू झालेल्या ऑरोलॅबने भिंगे देशातच स्वस्तात तयार केली आणि सामान्य रुग्णाच्या डोळ्यात भिंग बसणे शक्य झाले.

कृत्रिम भिंगाचा जन्मही एका चुकलेल्या अंतराच्या कथेने झाला. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी पहिले भिंग बसविले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण शिरूनही डोळा चिडत नाही, हे त्यांनी पाहिले होते. कल्पना सिद्ध झाली, पण भिंगाची शक्ती फार अधिक ठरली. त्या पहिल्या रुग्णाचा चष्म्याचा नंबर मायनस १८ च्या घरात गेला. भिंग बसविणे ही एक विद्या आणि कोणते बसवायचे ही दुसरी, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले.

मोजमापाचे गणित

रुग्ण आपल्याकडे 'बायोमेट्री'चा कागद घेऊन येतो. त्यावरील आकडे समजून घेणे आपणास अवघड नाही. मुख्य मोजमापे दोन. डोळ्याची पुढून मागे लांबी मिलिमीटरमध्ये, आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याची वक्रता डायॉप्टरमध्ये. १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ व क्राफ या तिघांच्या नावे रूढ झालेले सूत्र सोपे होते: भिंगाची शक्ती = भिंगाचा नियतांक − (२.५ × लांबी) − (०.९ × वक्रता). नियतांक ११८.४, लांबी २३.५ व वक्रता ४४ घेतली तर उत्तर २० येते. २० डायॉप्टरचे भिंग बसविले, की त्या डोळ्यास दूरचे चष्म्याविना दिसेल. त्याच डोळ्याला ४० सेंटिमीटरवरचे दाखवायचे असेल, तर भिंग सुमारे साडेतीन डायॉप्टरने अधिक शक्तीचे घ्यावे लागेल. आज याहून पुष्कळ अचूक सूत्रे वापरात आहेत आणि फार लहान किंवा फार लांब डोळ्यांसाठी ती आवश्यकच आहेत. तथापि तत्त्व समजण्यास हे जुने सूत्र पुरेसे आहे.

या गणितातून निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की २० चे आणि साडेतेविसाचे एककेंद्री भिंग एकाच कपाटातून, एकाच किमतीत येते. अंतराची निवड करण्यास रुग्णास एक रुपयाही अधिक लागत नाही. फक्त मोजमापाच्या दिवसापूर्वी कोणीतरी विचारावे लागते आणि भिंग निश्चित होण्यापूर्वी कोणीतरी सांगावे लागते.

दुसरी गोष्ट चुकीच्या प्रमाणाची. लांबीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर साधारण एका डायॉप्टरने किंवा त्याहून थोडा अधिक चुकतो. डोळ्याला टेकवून केलेल्या सोनोग्राफीत हात जड पडला, तर डोळा दबतो, लांबी कमी भरते आणि भिंग जास्त शक्तीचे निवडले जाते. प्रकाशकिरणांनी, डोळ्यास स्पर्श न करता मोजणारी यंत्रे यात अधिक विश्वसनीय आहेत. मात्र मोतीबिंदू फार घट्ट झाला असेल, तर किरण आरपार जात नाहीत आणि सोनोग्राफीकडेच वळावे लागते. लवकर पाठविलेल्या रुग्णाचे मोजमाप अधिक अचूक होते, ते असे.

वक्रतेच्या बाबतीत आपले काम मोठे आहे. आपल्या जिल्ह्यांत ऊन, धूळ आणि कोरडा वारा यांत वर्षे काढलेल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत अर्म वारंवार आढळते. बुबुळावर चढलेले अर्म वक्रता बदलते आणि मोजमाप फसविते. ते आधी काढून, डोळा स्थिर झाल्यावर मोजणे योग्य की नाही, याचा निर्णय नेत्रतज्ज्ञांनी घ्यावयाचा असतो. परंतु 'अर्म आहे' ही नोंद चिठ्ठीत आपण करावयास हवी. डोळ्यांचा कोरडेपणाही असाच फसवा असतो. शुष्काक्षिपाकाची लक्षणे असणाऱ्या रुग्णाची मोजमापे दोन वेळा वेगवेगळी येऊ शकतात.

निवड कोणकोणती

एककेंद्री भिंग हा आजही पाया आहे. शासकीय रुग्णालयांत व धर्मादाय शिबिरांत सर्वसाधारणपणे तेच बसविले जाते, आणि ते कोणत्याही अर्थाने हलके नाही. एका अंतराची सर्वांत स्वच्छ प्रतिमा तेच देते.

बहुकेंद्री भिंग आत आलेला प्रकाश दोन किंवा तीन अंतरांत वाटते. चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते, परंतु वाटणीमुळे प्रतिमेचा उठाव थोडा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांना याची सवय होते, काहींना होत नाही. काचबिंदू, मधुमेहजन्य नेत्रपटलविकार किंवा दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा विकार असेल तर ते सहसा टाळावे. विस्तारित केंद्राचे भिंग मधला मार्ग काढते. दूरचे व हातभर अंतरावरचे बरे दिसते, बारीक वाचनाला मात्र अनेकांना सौम्य चष्मा लागतो. बुबुळाची वक्रता दोन दिशांनी बरीच असमान असेल, तर टोरिक भिंग उपयोगी पडते.

चौथा मार्ग एककेंद्री भिंगांनीच साधतो. प्रधान डोळा दूरसाठी आणि दुसरा मायनस १ ते १.५ च्या आसपास ठेवावयाचा. मेंदू दोहोंचा मेळ घालतो. खोलीचा अंदाज किंचित कमी होतो, म्हणून उंचावर काम करणाऱ्यास किंवा रात्री वाहन चालविणाऱ्यास हा मार्ग सुचविताना सावध राहावे.

महाग भिंग म्हणजे चांगली नजर, असे समीकरण रुग्णांच्या मनात बसलेले असते. ते दूर करणे हे कुटुंबाचा विश्वास लाभलेल्या वैद्याचे कर्तव्य आहे. कर्ज काढून बहुकेंद्री भिंग बसविणाऱ्या मधुमेही वृद्धास आपण वेळीच दुसरे मत घेण्यास सांगितले, तर ते त्याच्यावर मोठे उपकार ठरतील.

खान्देशातील माणसे, त्यांची अंतरे

रावेर-यावल भागातील केळीउत्पादक सकाळी बागेत, दुपारी लिलावात, संध्याकाळी पारावर. आजवर त्याला दूरच्या चष्म्याची सवय नाही, वाचनाला चाळिशी आहेच. त्याच्यासाठी दूरचे भिंग आणि जवळचा चष्मा हीच सरळ निवड. बहुसंख्य रुग्ण याच वर्गात मोडतात, म्हणून 'दूरचे' हा रुग्णालयांचा सर्वसाधारण नियम चुकीचा नाही. तो सर्वांना सरसकट लावणे चुकीचे.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग परस्परांना छेदतात. या रस्त्यांवर रात्री मालमोटार चालविणाऱ्यास समोरून येणाऱ्या दिव्यांभोवतीची वलये त्रासदायकच नव्हेत, तर धोकादायकही ठरू शकतात. त्याने दोन्ही डोळे दूरसाठी ठेवून एककेंद्री भिंग घेणे शहाणपणाचे. पावती वाचायला खिशात चाळिशी पुरते.

पोथी वाचणारे, कीर्तनकार, निवृत्त शिक्षक यांतील जे जन्मभर मायनस नंबरवाले आहेत, ते वाचताना चष्मा काढून ठेवणारे असतात. त्यांना दूरचे भिंग बसविले, की पन्नास वर्षांची सवय उलटी होते. त्यांच्यापुढे मायनस २.५ चा पर्याय ठेवलाच पाहिजे. तो घ्यायचा की नाही, हे त्यांनी ठरवावे. जळगावच्या सराफ बाजारातील कारागीर, घड्याळदुरुस्ती करणारे, बारीक भरतकाम करणाऱ्या भगिनी याच वर्गातील.

आणि आपण स्वतः. औषधालयात तराजूसमोर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्याचे अंतर दोन-अडीच फुटांचे असते. समोरचा गिऱ्हाईक, मागचे कपाट आणि हातातील बाटलीवरील बारीक अक्षर ही तीन अंतरे तो दिवसातून शंभर वेळा बदलतो. एक डोळा दूरचा व दुसरा मायनस १.५ ही रचना अशा व्यवसायबंधूंनी आपल्या नेत्रतज्ज्ञांशी चर्चेला घ्यावी.

एक सावधगिरी महत्त्वाची. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस ५-६ असेल आणि एकाच डोळ्यास शून्यावर आणले, तर दुसऱ्या डोळ्याशी इतकी तफावत पडते, की चष्म्याने ती सहन होत नाही. चक्कर येते, जिने दुहेरी दिसतात. म्हणून पहिल्या डोळ्याचे भिंग निवडतानाच दुसऱ्याचा बेत ठरलेला असावा.

पाठवणीच्या चिठ्ठीत काय असावे

धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा, कांताई नेत्रालयासारख्या संस्थेत पाठवा अथवा खासगी नेत्रतज्ज्ञांकडे. चिठ्ठीत पुढील मुद्दे असावेत:

१. व्यवसाय, आणि मुख्य काम हातापासून किती अंतरावर चालते. शक्य असल्यास दोरीने मोजून.
२. मोतीबिंदूपूर्वीचा चष्म्याचा जुना नंबर. जुना चष्माच सोबत पाठविणे उत्तम.
३. कोणत्या कामाला चष्मा लागलेला चालेल व कोणत्या कामाला नको, हे रुग्णाच्या शब्दांत.
४. रात्री वाहन चालविणे होते काय.
५. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदूचा कौटुंबिक इतिहास, अर्म, डोळ्यांचा कोरडेपणा, पूर्वीची दुखापत किंवा शस्त्रक्रिया.
६. चालू असलेली सर्व औषधे, आपण देत असलेल्या कल्पांसह. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते ठळक लिहावे. या औषधाने शस्त्रक्रियेत बाहुली अचानक आकुंचन पावते, आणि औषध थांबविल्यानंतरही हा परिणाम राहू शकतो.

रक्त पातळ करणारी औषधे आपण होऊन बंद करू नयेत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांचा.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचाही समावेश झाला. त्यावर देशभर वाद झाला. वादाच्या बाजू काहीही असोत, रुग्णाचे अंतर विचारण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

शस्त्रक्रियेनंतरचे थेंब चार ते सहा आठवडे उतरत्या क्रमाने चालतात. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. मुदत संपल्यावर 'तेच थेंब द्या' म्हणून येणाऱ्यास ते देऊ नयेत. विनाकारण वापरलेले स्टेरॉइडचे थेंब काचबिंदू निर्माण करू शकतात, आणि ज्याची शस्त्रक्रिया झालेली नाही त्याला मोतीबिंदूही. याच काळात मध, अर्क, अंजन किंवा कोणतेही नेत्रबिंदू डोळ्यात घालू नयेत. तर्पण, पुटपाकादी क्रिया नेत्रतज्ज्ञांच्या संमतीशिवाय करू नयेत. आपल्याच शास्त्राने शस्त्रकर्मानंतर दहा दिवसांचा कडक संयम सांगितला आहे, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

मोतीबिंदू विरघळविण्याचा दावा करणाऱ्या थेंबांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तयार झालेला मोतीबिंदू औषधाने नाहीसा होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मोतीबिंदूचा समावेश आहे. अशा दाव्याची पाटी दुकानावर लावणे हे शास्त्राला धरून नाही आणि कायद्यालाही.

पिकू द्या, उन्हाळा जाऊ द्या

'अजून पिकला नाही' हे वाक्य आपल्या भागात आजही ऐकू येते. शलाकाकर्मापूर्वी लिंगनाशाची अवस्था पाहणे आवश्यक होते, कारण कच्च्या अवस्थेत ते कर्म साधत नसे. आजच्या शस्त्रक्रियेला ती अट नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्यातील दाब वाढवितो, आणि अशा अधिमंथसदृश वेदनेत गेलेली दृष्टी भिंग बसवूनही परत येत नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच आढळले. थांबण्याची किंमत एवढी मोठी आहे. रुग्णाच्या कामाला अडचण होऊ लागली, की वेळ झाली असे समजावे.

साधारण काळाचा आग्रहही त्या काळास योग्य होता. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो हे खरे. परंतु वातानुकूलित शस्त्रक्रियागृह आणि सूक्ष्म छेद यांमुळे आज ऋतू हे अडथळ्याचे कारण राहिलेले नाही. उन्हात फिरताना गडद चष्मा आणि धुळीपासून जपणूक एवढे पुरे.

काय अपेक्षा ठेवावी

रुग्णास आधीच सांगावे, की पहिल्या दिवशी नजर धूसर असू शकते, डोळ्यात काही सलल्यासारखे वाटते, रंग अधिक निळसर-पांढरे दिसतात. जुन्या पिवळट भिंगातून पाहण्याची सवय लागलेली असते, म्हणून असे होते. चष्म्याचा अंतिम नंबर चार ते सहा आठवड्यांनी निघतो, त्यापूर्वी चष्मा करण्याची घाई नको. उत्तम मोजमाप करूनही प्रत्येकाचा नंबर ठरविल्याप्रमाणे येतोच असे नाही. अर्ध्या डायॉप्टरचा फरक अनेकांत राहतो, तो चूक मानू नये.

वेदना वाढणे, लाली वाढणे व नजर कमी होणे ही तीन लक्षणे शस्त्रक्रियेनंतर दिसली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी पाठवावे. आतील जंतुसंसर्गात काही तासांचा विलंबही डोळा घालवू शकतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर पुन्हा धूसर झाली, तर भिंगामागील पडदा गढूळ झालेला असू शकतो. लेझरने काही मिनिटांत तो मोकळा होतो. त्याला 'मोतीबिंदू पुन्हा आला' असे म्हणून रुग्णाला घाबरवू नये.

ज्या सोनारबाबांच्या हकिगतीने लेखास आरंभ केला, त्यांच्या पत्नीस पुढे मोतीबिंदू झाला. चिठ्ठी लिहून घेण्यासाठी ते स्वतः तिच्याबरोबर आले. त्यांनी सांगितले, की ही दुपारी गोधडी शिवते, सकाळी सूप मांडीवर घेऊन धान्य निवडते आणि रस्ता ओलांडून देवळात जाते. मी ते तसेच लिहिले. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठी वाचली, दोघांशी बोलले आणि एक डोळा दूरसाठी व दुसरा मायनस १.५ ठेवण्याचे ठरले. आज त्या धान्य चष्म्याविना निवडतात. सुई ओवताना मात्र चाळिशी लावतात, आणि ती लावावी लागेल हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

सर्व अंतरे एकाच भिंगाने परत देण्याचे सामर्थ्य अद्याप कोणत्याही शास्त्रास लाभलेले नाही. कोणते द्यावे, एवढे विचारण्याचे सामर्थ्य मात्र आपल्या प्रत्येकाकडे आहे. रुग्णाचा आहार, निद्रा, व्यवसाय व देश यांचा विचार करूनच चिकित्सा करण्याचे आपले व्रत आहे. त्यात त्याच्या हातातील कामाचे अंतर तेवढे जोडावे, ही नम्र विनंती.